काँक्रीटमध्ये कार्बन मुरतो तो किती?

वाचकांचे प्रश्न

सिमेंट बनताना हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड पुन्हा काँक्रीटमध्ये, विटांमध्ये किंवा गिलाव्यात मुरवता येतो का, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं या वेळी घेतली आहेत. हिशेब शक्यतो एक घनमीटर किंवा एक नग धरून दिले आहेत, म्हणजे ते तुमच्या कामाला तसेच लावून पाहता येतील.

प्रश्न : आमचा आरएमसीचा (तयार काँक्रीटचा) छोटा प्लांट आहे. मिक्सरमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडायची यंत्रणा बसवली तर सिमेंट वाचतं आणि काँक्रीट 'कार्बन साठवणारं' म्हणून विकता येतं, असं एक विक्रेता सांगून गेला. वायू नेमका किती साठतो? (प्लांटचालक, कराड)

उत्तर : साठतो तो घनमीटरमागे किलोभरही नाही. एम-२५ प्रतीच्या काँक्रीटचं एक घनमीटर घ्या आणि त्यात ३४० किलो ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) धरा. या पद्धतीत वायूची मात्रा सिमेंटच्या वजनाच्या ०.१ ते ०.३ टक्के ठेवतात. ०.२ टक्क्याने ती झाली ६८० ग्रॅम, आणि त्यातलाही काही वायू ड्रमच्या तोंडातून निसटतो. उलट बाजूला, ते ३४० किलो सिमेंट बनताना किलोमागे साधारण ८५० ग्रॅम, म्हणजे २९० किलोच्या आसपास वायू आधीच हवेत गेलेला असतो. दोनशे लिटरचं पिंप ओतून टाकलं आणि अर्धा लिटर परत भरलं, असं हे प्रमाण आहे.

म्हणून यंत्रणा कुचकामी आहे असं नाही, फायदा दुसरीकडे आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तेच कॅल्शियम कार्बोनेट ओल्या सिमेंटमध्येही तयार होतं, फक्त कण अतिशय बारीक. सिमेंट आणि पाण्यातून जी चिकट जाळी बनते तिला हे कण विरजणासारखे मिळतात आणि काँक्रीटची ताकद थोडी वाढते. वाढलेली ताकद तशीच सोडून न देता तेवढं सिमेंट कमी करायचं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या कार्बनक्युअर कंपनीने ही पद्धत बाजारात रुळवली आणि तिथे ही कपात साधारण ५ टक्के धरतात. तुमच्या मिक्समध्ये ती १७ किलो होते, आणि १७ किलो सिमेंट वाचलं म्हणजे साडेचौदा किलो वायू वाचला. साठलेला पाऊण किलोही नाही, वाचलेला साडेचौदा. त्यामुळे यंत्रणा बसवूनही सिमेंटची मात्रा तीच ठेवली, तर विकायला तुमच्याकडे फक्त पाटी उरते.

सिमेंट मनाला येईल तेवढं कमी करता येत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे मध्यम परिस्थितीतल्या आरसीसीला घनमीटरमागे किमान ३०० किलो आणि तीव्र परिस्थितीत, म्हणजे कोकणपट्टीतल्या बऱ्याच कामांना, किमान ३२० किलो सिमेंट लागतं. तुम्ही ३४० वरून ३२३ वर आलात तर सिमेंटच्या मात्रेपुरते दोन्हीकडे बसता. पण एखाद्या कामाला आधीच ३२० वापरत असाल तर कपातीला जागाच नाही.

चाचणी अशी घ्या. पहिली बॅच नेहमीची, वायूशिवाय. मग तेच मिक्स ०.१, ०.२ आणि ०.३ टक्के वायूवर. प्रत्येकाचे सहा क्यूब (चाचणीचे ठोकळे), तीन ७ दिवसांना आणि तीन २८ दिवसांना. ज्या मात्रेला ताकद सर्वांत वर जाते ती धरून सिमेंट आधी ३ टक्के आणि मग ५ टक्के कमी करून पुन्हा क्यूब भरा. मात्रा वाढवली की ताकद वाढतच जाते, हा समज चुकीचा आहे. ठरावीक मात्रेपुढे स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) झपाट्याने पडतो, मग साइटवर कुणीतरी ड्रममध्ये पाणी ओततो आणि मिळवलेलं सगळं तिथेच जातं. सिमेंटचा ब्रँड बदलला किंवा अॅडमिक्स्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) बदललं, तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

बिघाड बहुधा नळीत होतो. टाकीत वायू द्रवरूपात असतो, साधारण उणे २० अंश आणि २० बार दाबाला. नोझलमधून बाहेर येताच त्याचं निम्मंअर्धं बर्फ होतं. नोझल ड्रमच्या फार जवळ असलं की त्यावर उडालेलं सिमेंट तिथेच गोठतं आणि तोंड बुजतं, त्यामुळे प्रत्येक पाळीनंतर ते झाडून काढावं लागतं. टाकीपासून नोझलपर्यंतच्या नळीवरचं आवरण फाटलं असेल तर द्रवात बुडबुडे होतात आणि मीटर खोटा आकडा दाखवतो. संगणकावर ६८० ग्रॅम दिसतात, ड्रममध्ये पोचतात त्याहून कमी. म्हणून महिन्याभराच्या मीटरच्या बेरजेचा मेळ टाकीतल्या घटीशी घालत जा.

आणखी एक गोष्ट. ओपीसीऐवजी ३० टक्के फ्लाय अॅश असलेलं पीपीसी घेतलं, किंवा तेवढी राख प्लांटवरच मिसळली, तर घनमीटरमागे ८० किलोंहून जास्त वायू टळतो. कोराडी, चंद्रपूर, एकलहरे, भुसावळ या वीज केंद्रांची राख राज्यातच मिळते. ते केल्यानंतर वायूच्या नळीचा विचार करा, आधी नको.

प्रश्न : आमच्या ३० वर्षांच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये 'कार्बोनेशनमुळे सळ्या गंजल्या' असं लिहून आलंय. जो वायू इमारत पोखरतो तो मुद्दाम काँक्रीटमध्ये घालणं म्हणजे विष कालवणं नव्हे का? (सोसायटीचे सचिव, ठाणे)

उत्तर : रसायन एकच, वेळ वेगळी. तुमच्या इमारतीत वायू शिरला तो घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये, वर्षानुवर्षं, पृष्ठभागाकडून आत. ताज्या काँक्रीटचा पीएच १२.५ ते १३ असतो आणि त्या क्षारतेत सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला वायू आतल्या चुन्याशी जुळत जातो तसा पीएच ९ च्या खाली येतो आणि तो थर मोडतो. पुढे पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फुगतं, भेगा पडतात आणि पोपडे सुटतात.

मिक्सरमध्ये सोडलेला पाऊण किलो वायू ३४० किलो सिमेंटपुढे इतका थोडा आहे की चुना भरपूर उरतो आणि पीएच जागेवर राहतो. तिथे सळईला भीती नाही. पेव्हर ब्लॉकसारख्या वस्तूंना मात्र भरपूर वायू पाजतात (पुढचा प्रश्न पाहा) आणि त्यांच्यात पीएच खरोखर उतरतो. पण त्यात सळईच नसते. याच पद्धतीने वाफवल्यासारखे गॅसवलेले आरसीसी लिंटेल किंवा कुंपणाचे खांब कुणी देऊ केले तर घेऊ नका, निदान सळईपर्यंतच्या कव्हरची चाचणी दाखवल्याशिवाय नको.

तुमच्या इमारतीसाठी ऑडिटरकडून एक आकडा नक्की मागा : कार्बोनेशनची खोली मिलिमीटरमध्ये. कॉलमचा कोपरा छिन्नीने फोडून ताजा तुटका भाग उघडा करायचा, धूळ फुंकून काढायची आणि त्यावर अल्कोहोलमध्ये केलेलं फिनॉल्फ्थॅलिनचं १ टक्का द्रावण फवारायचं. क्षारता टिकून असलेला भाग मिनिटभरात गडद गुलाबी होतो, वायू खाल्लेला भाग रंगहीन राहतो. पृष्ठभागापासून गुलाबी रेषेपर्यंत पट्टी लावायची, एका ठिकाणी निदान पाच मापं. ड्रिल मारून निघालेल्या भुकटीवर किंवा कटरने पाणी मारत कापलेल्या भागावर ही चाचणी करून देत असतील तर थांबवा. आतली क्षारयुक्त पेस्ट सगळीकडे फासली जाते आणि खराब भागही गुलाबी दिसतो.

ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा ३० वर्षांत ती १८ मिमी झाली आहे. त्याच वेगाने २५ मिमी कव्हर ओलांडायला बांधकामापासून ५८ वर्षं लागतील. पण सेंटरिंगच्या वेळी कव्हर ब्लॉक सरकला आणि एखाद्या ठिकाणी कव्हर १२ मिमीच राहिलं, तर तिथे वायू १३ व्या वर्षीच सळईला भिडला. म्हणून एकाच इमारतीत काही कॉलम ठणठणीत असतात आणि शेजारच्याचा गज उघडा पडतो.

वायू सर्वांत जोरात शिरतो तो ५० ते ७० टक्के आर्द्रतेला. त्यामुळे पावसात भिजणाऱ्या बाहेरच्या भिंतीपेक्षा स्टिल्टमधल्या, छपराखालच्या कॉलममध्ये तो जास्त खोल गेलेला सापडतो. गंज मात्र पाणी मिळेल तिथे दिसतो : संडास-बाथरूमखालचे स्लॅब, छज्जे, टाकीखालचे बीम. खाडीलगत असाल तर क्लोराइडची चाचणीही करून घ्या. मिठाने सळई गंजत असेल तर काँक्रीट गुलाबी दिसूनही ती आतून खलास झालेली असू शकते.

प्रश्न : माझा पेव्हर ब्लॉकचा कारखाना आहे. ब्लॉकना आठवडाभर पाणी मारण्याऐवजी कार्बन डायऑक्साइडच्या खोलीत ठेवून एका दिवसात पक्के करता येतात असं ऐकलं. लहान कारखान्याला जमेल का? (उत्पादक, शिरोली, जि. कोल्हापूर)

उत्तर : जमण्यासारखं आहे, आणि वायू खऱ्या अर्थाने मुरतो तो इथे. परदेशात यावर कारखाने चालतात. अमेरिकेतली कार्बनबिल्ट ही लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून निघालेली कंपनी ब्लॉकसाठी धुरांड्यातला वायू शुद्ध न करता वापरते. माँट्रियलची कार्बिक्रीट तर सिमेंट बाजूला ठेवून पोलाद कारखान्याची धातुमळी (स्लॅग) दळून वापरते आणि ब्लॉक वायूने पक्के करते. तुम्ही मात्र नेहमीच्या ओपीसीवरच सुरुवात करा. पीपीसीत क्लिंकर (भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ घटक) कमी म्हणजे वायूला जुळायला चुना कमी, आणि जो असतो तो पुढे राखेला ताकद मिळवण्यासाठी हवा असतो. वायूने तो आधीच खाल्ला तर २८ दिवसांची ताकद मार खाते.

एक ब्लॉक समोर ठेवून हिशेब करू. २०० बाय १०० बाय ६० मिमीच्या ब्लॉकचं घनफळ १.२ लिटर. घनमीटरला ४०० किलो सिमेंट आणि ०.३५ जल-सिमेंट प्रमाण धरलं तर एका ब्लॉकमध्ये ४८० ग्रॅम सिमेंट आणि १६८ ग्रॅम पाणी असतं. वायू सिमेंटच्या वजनाच्या १० टक्के मुरला तर ब्लॉकमागे ४८ ग्रॅम, घनमीटरमागे ४० किलो. मिक्सरमधल्या ६८० ग्रॅमशी ताडून पाहा.

साऱ्या कामाची मेख पाण्यात आहे. ब्लॉक साच्यातून काढला तेव्हा त्याची छिद्रं पाण्याने भरलेली असतात, आणि पाण्यातून हा वायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. म्हणून आधी वाळवण : ब्लॉक फळ्यांवर सुटे मांडून पंख्याखाली ४ ते ६ तास, आणि दमट हवेत त्याहून जास्त. खूण म्हणून प्रत्येक घोडीवरचे दोन ब्लॉक निवडून वजन करत राहा. आतल्या पाण्याचा सुमारे ४० टक्के भाग, म्हणजे ब्लॉकमागे ६५ ते ७० ग्रॅम, उडाला की थांबायचं. १०० ग्रॅम उडेपर्यंत वाट पाहिलीत तर उलटंच होतं. वायूला आधी पाण्यात विरघळावं लागतं, आणि कोरड्या ब्लॉकमध्ये तो नुसता फिरून बाहेर येतो. जुलैत आणि एप्रिलमध्ये वाळवणीचे तास एकच ठेवणारे पहिल्याच वर्षी कंटाळून पद्धत सोडून देतात.

खोलीला दाबाचं भांडं लागत नाही. ३ बाय २.४ बाय २.४ मीटरचा, रबरी कडांचं दार असलेला पत्र्याचा कंटेनर चालतो, आत एक फिरता पंखा आणि तळाला पाण्याचा निचरा हवा. वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो, म्हणून तो तळाकडून सोडायचा आणि जुनी हवा वरच्या झडपेतून बाहेर जाऊ द्यायची. वरून सोडला तर हवा आणि वायूची नुसती खिचडी होते. एवढी खोली भरायलाच ३० किलो, म्हणजे एक सिलिंडर लागतो. आत दोन घनमीटर ब्लॉक असतील तर ते पुढच्या काही तासांत आणखी ८० किलोपर्यंत पितील, त्यामुळे खोलीतलं प्रमाण बघत वायू सोडत राहावा लागतो. १२ ते २० तास धरा. अभिक्रियेत उष्णता आणि पाणी दोन्ही सुटतात. खोली गरम झाली आणि तळाला पाणी साचलं तर काम चाललंय असं समजा.

सिलिंडरचं रेग्युलेटर गोठणं ही नेहमीची कटकट. वायू वेगाने काढला की आतच बर्फ होतो आणि प्रवाह बंद पडतो. तुमच्या औद्योगिक वसाहतीत हे नवं नाही. शेजारच्या फाउंड्रीत वाळूचे कोअर याच वायूने कडक करतात आणि वेल्डिंगवाल्यांकडे हीटरचं रेग्युलेटर असतं. तेच घ्या.

बाहेर काढल्यावर ब्लॉक पाण्याशिवाय ठेवू नका. आत न भिजलेलं सिमेंट उरलेलं असतं आणि वाळवणीत आपण त्याचं पाणी पळवलेलं असतं. निदान तीन-चार दिवस फवारा मारा. हे न केल्यास एका दिवसाची ताकद डोळे दिपवते, पण २८ दिवसांना शेजारचा साधा, पाणी मारलेला ब्लॉक पुढे जातो. यश मोजायला ब्लॉक मधोमध फोडून फिनॉल्फ्थॅलिन फवारा. कडा रंगहीन आणि मध्यभागी अंगठ्याएवढा गुलाबी गाभा असेल तर उत्तम. कडेला फक्त २-३ मिमी रंगहीन असेल तर ब्लॉक ओला होता किंवा ब्लॉक एकमेकांना चिकटून मांडले होते. एक फायदा मात्र हमखास मिळतो : पृष्ठभागावरचा चुना आधीच संपल्याने रंगीत ब्लॉकवर पुढे पांढरा लोणा फारसा येत नाही. विक्रीसाठी आयएस १५६५८ च्या सगळ्या चाचण्या लागतातच. पाणी शोषण सरासरी ६ टक्क्यांच्या आत येतंय ना, ते आधी बघा.

सुरक्षेत हयगय नको. हा वायू जमिनीलगत साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. आठ तासांच्या कामाला दहा लाखांत ५,००० भाग ही मर्यादा आहे, ४०,००० भागांना जिवाला तात्काळ धोका. सेन्सर गुडघ्याच्या उंचीवर लावा, दार उघडण्याआधी तळाचा एक्झॉस्ट चालवा आणि आत कधीही एकट्याला पाठवू नका. कुणी आत पडलं तर दुसऱ्याने धावत आत जायचं नाही, आधी एक्झॉस्ट.

वायू कुठून आणायचा, हा प्रश्न तुमच्या जिल्ह्यात सोपा आहे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत एक लिटर इथेनॉलमागे सुमारे ७५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. दिवसाला ६० हजार लिटरचा प्रकल्प म्हणजे रोज ४५ टन, आणि तो उसाने हवेतून घेतलेला, म्हणून मुरवला तर खरोखर हवेतून कमी झालेला. टँकरच्या डिझेलची काळजी फारशी नको, १० टनांचा टँकर १०० किलोमीटर आणून परत गेला तरी त्याचा धूर एक-दीड टक्काच भरतो. खरी वजावट वायू द्रवरूप करण्याच्या विजेची आहे : टनामागे शंभर ते दोनशे युनिट, म्हणजे आपल्या विजेच्या हिशेबाने ७० ते १४० किलो वायू.

प्रश्न : एकदा मुरलेला वायू पुन्हा बाहेर येतो का? (विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : सहसा नाही. तो आता चुनखडीच्या रूपात असतो आणि चुनखडी फुटायला ८०० अंशांच्या पुढचं तापमान किंवा आम्ल लागतं. साध्या पावसाने पृष्ठभागावर नाममात्र झीज होते. इमारत पाडून, दळून, भरावात टाकली तरी तो आतच राहतो. पाडकामातलं काँक्रीट पुन्हा सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल म्हणून गेलं, तर मात्र सगळा सुटतो.

प्रश्न : आम्ही जुन्या इमारती पाडायची कामं घेतो. राडारोड्यात वायू मुरवून त्याची खडी विकता येते का? (ठेकेदार, पुणे)

उत्तर : स्वित्झर्लंडमधली न्यूस्टार्क ही झुरिकच्या ईटीएच संस्थेतून २०१९ मध्ये निघालेली कंपनी नेमकं हेच करते. दळलेलं काँक्रीट बंद पात्रात ठेवून त्यात वायू सोडतात आणि टनामागे साधारण १० किलो मुरतो. टनभर काँक्रीटमध्ये १४० किलो सिमेंट असतं आणि ते भाजताना एकट्या चुनखडीतून ७० किलोंच्या आसपास वायू गेलेला असतो. म्हणजे सातवा हिस्सा परत. उपउत्पादनासाठी वाईट नाही.

तुमच्या राडारोड्यात किती भूक शिल्लक आहे ते आधी बघा. ढिगातले वीस-पंचवीस तुकडे फोडून फिनॉल्फ्थॅलिन फवारा. गुलाबी झाले ते वायू घेतील, पांढरे राहिले ते आधीच जेवलेत. जुन्या इमारतीचं प्लास्टर बहुतेक वेळा पूर्ण संपलेलं असतं, कॉलम आणि पायाच्या गाभ्यात भरपूर बाकी असतं. दळल्यावर सर्वांत जास्त वायू घेते ती ५ मिमीखालची बारीक चुरी, कारण जुनी सिमेंट पेस्ट तिच्यात उतरते. मोठ्या खडीत आत आपला काळा दगडच असतो आणि तो इतक्यात काही घेत नाही. बेसाल्टमध्ये कॅल्शियम आहे, पण सिलिकेटमध्ये जखडलेलं. आइसलंडमध्ये हेलिशेइदीला पाण्यात विरघळवलेला वायू जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडतात तेव्हाही त्याचा दगड व्हायला दोन वर्षांपर्यंत लागतात. पात्रातल्या दोन तासांत ते होणार नाही.

वायू मुरल्यावर पेस्टमधली छिद्रं भरतात आणि खडीचं पाणी शोषण उतरतं, हा तुमच्या ग्राहकाला समजणारा फायदा. आयएस ३८३ प्रमाणे पुनर्वापराची काँक्रीट खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि एम-१५ खालच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. त्यात पीओपीचे तुकडे आले तर माल वाया : जिप्सममधलं सल्फेट नव्या काँक्रीटला फुगवतं. पाडण्याआधी फॉल्स सीलिंग उतरवून वेगळं टाकायची अट गड्यांना घाला, नंतर निवडून काढणं अशक्य असतं.

पात्र वगैरे काही नसलं तरी दळलेला माल उघड्यावर पसरून ठेवला की तो आपोआप हवेतून वायू घेतो, मात्र महिनोन्‌महिने. उंच ढिगात फक्त वरचा हातभर थर. १९३० ते २०१३ या काळात जगभरातल्या सिमेंटने असा परत घेतलेला वायू, त्याच काळात चुनखडी भाजून सुटलेल्या वायूच्या सुमारे ४३ टक्के भरतो, असा हिशेब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. इंधनाचा धूर त्यात धरलेला नाही.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या भिंतींना चुन्याचा गिलावा करायचा आहे. चुना हवेतला कार्बन शोषतो म्हणतात, मग गवंडी त्याला रोज ओला का ठेवायला सांगतो? आणि मुलीला शाळेच्या प्रदर्शनात हेच दाखवायचं आहे. (वाचक, वाई)

उत्तर : गवंडी बरोबर सांगतो. शुद्ध विरवलेल्या चुन्याचा एक किलो पक्का होताना जवळजवळ ६०० ग्रॅम वायू हवेतून घेतो, पण तो पाण्यात विरघळूनच. गिलावा उन्हाने किंवा पंख्याने दोन दिवसांत वाळला तर शोषण थांबतं आणि बोट फिरवल्यावर पिठी निघते. उलट सतत पाण्याचा मारा केला तर छिद्रं भरून वायूची वाट बंद होते. दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा आणि उन्हाच्या बाजूला गोणपाटाचा ओला पडदा, एवढं पुरे. थर १० मिमीपेक्षा जाड नको, आणि वरून ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट तर नकोच, चुन्याची सफेदी करा. हा वायू कळीचा चुना भाजताना सुटला होता तोच परत येतो, भट्टीच्या लाकूड-कोळशाचा धूर मात्र परत येत नाही, एवढं प्रदर्शनाच्या तक्त्यावर लिहायला हरकत नाही.

प्रयोगासाठी फ्रिजमधल्या बर्फाच्या ट्रेमध्ये एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक वाळू आणि अर्धा भाग पाणी मिसळून वड्या पाडा (हातमोजे घालून, ओलं सिमेंट कातडी भाजतं). दुसऱ्या दिवशी काढून दिवसभर सावलीत ठेवा. निम्म्या वड्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायच्या, निम्म्या झाकणाच्या बादलीत तळाशी. बादलीतच एका भांड्यात २० ग्रॅम खायचा सोडा ठेवून त्यावर ३५० मिलिलिटर व्हिनेगर हळूहळू ओता. त्यातून साधारण सहा लिटर वायू निघतो. फेस बसेपर्यंत झाकण किलकिलं ठेवा, मग बंद करा, आणि बादलीत तोंड घालून वाकून बघू नका. सात दिवस रोज नवा सोडा आणि व्हिनेगर.

आठव्या दिवशी दोन्हीकडच्या वड्या हातोडीने फोडा. फिनॉल्फ्थॅलिन शाळेच्या प्रयोगशाळेत असेल. नसलं तर चमचाभर हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळून, गाळून तेच पाणी ब्रशने लावा. हळदीत चुना कालवून कुंकू करतात त्यातलीच ही करामत : पिशवीतली वडी आतून-बाहेरून लाल होईल, बादलीतल्या वडीच्या कडेला पिवळी चौकट राहील. हळदीची रेषा जरा पसरट येते, तेव्हा पट्टी लावून मोजायचं असेल तर फिनॉल्फ्थॅलिनच बरं. वडी फोडल्या फोडल्या रंग लावा. फुटका भाग तासभर उघडा राहिला तर तोही हवेतला वायू घेऊ लागतो.